पोपचे मुंबईकर वकील

‘वकील’ हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांसमोर कोर्टात युक्तिवाद करणारा काळ्या कोटातील गृहस्थ उभा राहतो. अठराव्या शतकातील मराठी पत्रे चाळू लागले म्हणजे मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने भेटतो. परदरबारी राहून आपल्या धन्याचा शब्द पोचविणारा, तिकडील वार्ता टिपून इकडे कळविणारा आणि हाती सत्ता नसताना केवळ विश्वासाच्या बळावर कामे करून घेणारा माणूस, तो वकील. दिल्लीच्या दरबारी पेशव्यांचे वकील हिंगणे होते. निजामापाशी गोविंदराव काळे होते. महादजी शिंद्यांनी १७८४ साली शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळविले, त्यात तर वकील म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी असा अर्थ होता. सारांश, दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची ही विद्या ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

श्रोतेहो, आज ज्यांची हकीकत आपणांपुढे ठेवावयाची आहे ते याच विद्येचे एक निष्णात उपासक होते. फरक इतकाच की त्यांचा धनी राजा नव्हता आणि त्या धन्याच्या पदरी फौजही नव्हती. मुंबईच्या वांद्रे उपनगरात जन्मलेले आणि पोपचे वकील म्हणून तीन खंडांत वावरलेले आर्चबिशप, पुढे कार्डिनल, आयव्हन डायस हे ते गृहस्थ होत.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. धर्मसंस्थेला राजदूत कशाला हवेत? ज्या ख्रिस्ताने आपले राज्य या जगातील नव्हे असे सांगितले, त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने राजधान्यांतून वकिलाती का थाटाव्यात? ही शंका परधर्मीयच घेतात असे नव्हे. कॅथलिक मंडळींच्या मनातही ती डोकावते. तिचे उत्तर काही अंशी इतिहासात आहे. व्हॅटिकन नगरराज्याचे क्षेत्रफळ अवघे ४४ हेक्टर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याच्या शिवाराहूनही कमी. परंतु राजदूत पाठविण्याचा व स्वीकारण्याचा पोपचा अधिकार या जमिनीवर अवलंबून नाही. १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात गेले आणि १९२९ च्या लॅटरन कराराने आजचे नगरराज्य निर्माण झाले. मधल्या एकोणसाठ वर्षांत पोपजवळ राज्य असे उरले नव्हते. तरीही त्यांचे वकील निरनिराळ्या देशांत काम करीतच होते. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने पोपच्या वकिलांना राजदूतांच्या प्रथम श्रेणीत बसविले होते आणि १९६१ च्या व्हिएन्ना कराराने तो मान पुढे चालू ठेवला. या वकिलाला ‘नुन्सिओ’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘निरोप आणणारा’ असा आहे. स्वतंत्र भारताने पोपच्या पीठाशी १९४८ मध्येच राजनैतिक संबंध जोडले.

नुन्सिओचे काम दुहेरी असते. इतर राजदूतांप्रमाणे तो यजमान सरकारशी बोलतो. पण त्याच वेळी त्या देशातील चर्चचे सुखदुःख रोमला कळविणे हेही त्याचे कर्तव्य असते. एखाद्या धर्मप्रांतातील बिशपची जागा रिकामी झाली की गुप्तपणे चौकशी करून तीन लायक नावे रोमला धाडणे, हे त्याचे सर्वांत जोखमीचे काम. त्याच्याकडे व्यापार नाही, कर्ज देण्याची ऐपत नाही, शस्त्रास्त्रांचा साठा नाही. त्याच्याजवळ असतो तो शब्द, आणि तोही दुसऱ्याचा.

आयव्हन डायस यांचा जन्म १४ एप्रिल १९३६ चा. घराणे मूळचे गोव्याचे. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलमध्ये जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि ८ डिसेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी मुंबईच्या पीठावर भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस होते. १९६१ मध्ये डायस रोमच्या ‘पोंटिफिकल एक्लेझियास्टिकल अकादमी’त दाखल झाले. पोपचे वकील घडविणारी ही शाळा १७०१ पासून चालत आलेली आहे. तेथे कायदा, इतिहास, भाषा आणि शिष्टाचार यांचे धडे मिळतात. आणि एक धडा असा की ज्याचा वेगळा तास नसतो, तो म्हणजे मौनाचा. १९६४ मध्ये लॅटरन विद्यापीठातून धर्मशास्त्रीय कायद्याची डॉक्टरेट मिळवून ते सेवेत रुजू झाले.

त्यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कामांपैकी एक काम त्यांच्या जन्मगावासंबंधीच होते. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले. पोपचे पाय भारतभूमीला लागण्याचा इतिहासातील हा पहिलाच प्रसंग. ओव्हल मैदानावर लोटलेला जनसमुदाय सर्वांनी पाहिला; परंतु अशा भेटीमागे महिनोन्‌महिने चालणारी पत्रापत्री, परवानग्या आणि तपशिलांची जुळवाजुळव कोणी पाहत नाही. रोमच्या सचिवालयात बसून ती पूर्वतयारी करणाऱ्यांत हा अठ्ठावीस वर्षांचा मुंबईकर धर्मगुरू होता.

पुढील आठ वर्षे ते वकिलातींतील सचिव म्हणून फिरत राहिले. स्कँडिनेव्हियातील देश, इंडोनेशिया, मादागास्कर, मॉरिशस अशी ही भ्रमंती. उत्तरेकडील थंडीत मूठभर कॅथलिकांचा देश, तर पूर्वेकडे मुसलमानांची प्रचंड लोकवस्ती असलेला द्वीपसमूह. वांद्र्याच्या मुलाला, जेथे चार पावलांवर एक क्रूस उभा दिसतो तेथून निघालेल्याला, आपण अल्पसंख्य असणे म्हणजे काय याचा निरनिराळ्या हवामानांत अनुभव आला असला पाहिजे. भाषा शिकण्याची त्यांची हौस याच काळात फळाला आली. पुढे त्यांना पंधराहून अधिक भाषा अवगत असल्याचे सांगितले जाई.

१९७३ मध्ये ते रोमला परतले आणि नऊ वर्षे सचिवालयात विभागप्रमुख म्हणून राहिले. त्यांच्या टेबलावर सोव्हिएत संघ, बाल्टिक प्रदेश, पोलंड, बल्गेरिया, चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतील अनेक देशांची प्रकरणे येत. नकाशावर बोट ठेवावे तेथे चर्च एकतर बंदिस्त, नाहीतर संकटात. त्या वेळी पोपच्या परराष्ट्रनीतीचे सूत्रधार आगोस्तिनो काझारोली होते. साम्यवादी सरकारांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे, थोडे पदरात पाडून घ्यावे, निदान धर्मगुरूंची परंपरा तुटू देऊ नये, असे त्यांचे धोरण होते. १९७५ च्या हेलसिंकी करारावर पोपच्या वतीने त्यांचीच सही आहे.

या धोरणाला किंमत मोजावी लागली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हंगेरीचे कार्डिनल मिंदसेंती यांनी तुरुंगवास भोगला आणि पुढे पंधरा वर्षे अमेरिकन वकिलातीच्या आश्रयाखाली काढली. पण सरकारशी समेट साधण्याच्या ओघात १९७३ अखेर पोपने त्यांचेच पीठ रिक्त ठरविले. जो छळ सोसत होता त्याला आपल्याच माणसांनी बाजूस सारल्याचे दुःख झाले. वकिलीचा हा कडू भाग आहे. मुत्सद्दी माणूस उद्याचा विचार करून आज गप्प बसतो आणि तुरुंगातील माणसाला आजच कोणीतरी बोलावे असे वाटत असते. या दोघांपैकी कोण बरोबर, हे ठरविणे इतिहासकारालाही सोपे नाही. या शाळेत डायस घडले. इतकेच नव्हे तर १९ जून १९८२ रोजी रोमच्या सेंट पीटर्स मंदिरात त्यांचा आर्चबिशप म्हणून अभिषेक झाला, तो खुद्द काझारोलींच्या हस्ते.

आर्चबिशप म्हटले की धर्मप्रांत हवा. वकिलाला तर धर्मप्रांत सांभाळावयाचा नसतो. अशा वेळी एखाद्या लुप्त झालेल्या प्राचीन पीठाचे नाव त्याला देतात. डायस यांना उत्तर आफ्रिकेतील ‘रुसुबिसिर’ हे पीठ मिळाले. तेथे आता ना बिशपचे आसन, ना भाविक. नाव मात्र आर्चबिशपचे, जेणेकरून यजमान देशातील बिशपांशी समान पायरीवरून बोलता यावे.

पहिली नेमणूक पश्चिम आफ्रिकेत झाली: घाना, टोगो आणि बेनिन. एका वकिलाकडे तीन देश, आणि तिन्ही देशांत लष्करातून आलेले राज्यकर्ते. घानात रॉलिंग्ज यांनी १९८१ च्या शेवटच्या दिवशी सत्ता घेतली होती. टोगोत एयादेमा होते. बेनिनमध्ये केरेकू यांनी मार्क्स-लेनिनवाद हेच राष्ट्राचे तत्त्वज्ञान ठरविले होते. पाच वर्षांनी, जून १९८७ मध्ये, डायस यांची कोरियात नेमणूक झाली. तो महिना त्या देशाच्या इतिहासात ठळक आहे. लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये आश्रय घेतला होता आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस प्रत्यक्ष मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडण्याची मागणी सत्ताधारी पक्षाला मान्य करावी लागली. १९८९ मध्ये सोल येथे युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप दुसरे जॉन पॉल तेथे आले. मुंबईच्या अधिवेशनाची कागदपत्रे तयार करणारा तरुण आता पंचवीस वर्षांनी दुसऱ्या अधिवेशनाच्या वेळी स्वतः वकील होता.

परंतु त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी अजून यावयाची होती. २८ ऑक्टोबर १९९१ रोजी त्यांची अल्बानियात नेमणूक झाली.

अल्बानिया हा युरोपातील एक लहानसा डोंगराळ देश. बहुसंख्य लोक मुसलमान घराण्यांतील, दक्षिणेकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेकडे कॅथलिक. १९४५ मध्ये तेथील पोपच्या प्रतिनिधीस देशाबाहेर घालविण्यात आले. १९६७ मध्ये एन्वर होजा यांच्या राजवटीने सर्वच धर्मांवर बंदी घातली आणि आपले राष्ट्र हे जगातील पहिले निरीश्वरवादी राष्ट्र असल्याचे जाहीर केले. दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्चे, मठ आणि दर्गे बंद झाले. श्कोदर शहराच्या कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले. १९७६ च्या राज्यघटनेत ही बंदी कायमची नोंदली गेली. श्टेफेन कुर्ती नावाच्या धर्मगुरूने एका बालकाला स्नानसंस्कार दिला, त्याबद्दल त्याला १९७१ मध्ये देहान्त शासन झाले. ज्या घरांत प्रार्थना चाले ती मनातल्या मनात चाले, कारण शाळेत गेलेले मूल काय बोलून बसेल याची आईबापांना धास्ती असे.

या देशाशी भारताचा एक विलक्षण धागा जुळलेला होता. मदर तेरेसा या अल्बानियन कुटुंबात, स्कोपये येथे जन्मलेल्या. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत. मुलीचे नाव जगभर झाले, तरी तिला आपल्या आईला भेटण्याची परवानगी त्या सरकारने दिली नाही. दोघी तेथेच निवर्तल्या आणि मदर तेरेसांना १९८९ मध्ये प्रथम त्या देशात पाऊल ठेवता आले, ते कबरींचे दर्शन घेण्यासाठी. अल्बानियाने आपली एक कन्या भारताला दिली होती. आता भारतातून एक मुंबईकर तेथे निघाला होता.

त्यांना तेथे काय मिळाले? नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोदरच्या कबरस्तानात अनेक वर्षांनी पहिली जाहीर मिस्सा झाली होती. तुरुंग आणि श्रमछावण्या भोगून जिवंत उरलेले मूठभर वृद्ध धर्मगुरू होते. बिशपांची पीठे बहुतेक ओस होती. नवे धर्मगुरू तयार करणारी शाळा नव्हती, पुस्तके नव्हती. एक अख्खी पिढी अशी होती की तिने मिस्सा कधी पाहिलीच नव्हती. इतर देशांत वकील जातो तेव्हा चर्च तेथे असतेच. त्याने फक्त त्याचे कुशल विचारावयाचे. येथे चर्च पुन्हा उभे करावयाचे होते. १९९२ पासून डायस यांच्याकडे दक्षिण अल्बानियाचा धर्मकारभारही सोपविण्यात आला. म्हणजे वकील आणि पाळक अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकाच माणसाच्या खांद्यावर आल्या. आणि दक्षिणेत तर कॅथलिक थोडे, ऑर्थोडॉक्स शेजारी अधिक. तिथे अधिकाराने नव्हे, सौजन्यानेच पाऊल टाकावे लागते.

येथे एक मोह होता. बाहेरून पैसा येत होता, मिशनरी येत होते. परदेशी बिशप आणून बसविणे सोपे होते. कारभार सुरळीत चालला असता. पण मग तीन दशके ज्यांनी विश्वास जिवापाड जपला त्यांना पाहुण्यांच्या पंक्तीत बसावे लागले असते. तसे झाले नाही. २५ एप्रिल १९९३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल श्कोदरला आले. ज्या कॅथेड्रलात पूर्वी चेंडूचे खेळ चालत, त्याच कॅथेड्रलात त्यांनी चार अल्बानियन धर्मगुरूंना बिशपपदाचा अभिषेक केला. त्यांतील श्कोदरचे नवे आर्चबिशप फ्रानो इलिया यांनी अनेक वर्षे तुरुंगात काढली होती. मदर तेरेसा त्या समारंभाला उपस्थित होत्या. पुढल्या वर्षी मिकेल कोलिकी या ब्याण्णव वर्षांच्या धर्मगुरूला पोपने कार्डिनल केले. त्यांचेही कित्येक दशकांचे आयुष्य कैदेत आणि सक्तमजुरीत गेले होते.

नुन्सिओने तीन नावे धाडावयाची असतात असे मघाशी सांगितले. त्या रुक्ष नियमाचा अर्थ श्कोदरला कळतो. बहिष्कृतांमधून, हातांवर बेड्यांचे वळ असलेल्यांमधून माणसे शोधणे आणि ‘हेच तुमचे पाळक’ असे रोमला पटविणे, ही त्या नियमामागची खरी वकिली होय. निर्णय पोपचा, समारंभ पोपचा, वर्तमानपत्रांतील छायाचित्र पोपचे. वकिलाचे नाव तळटीपेत जाते. तसेच ते जावे, अशीच त्या सेवेची रीत आहे. आरंभी घेतलेल्या शंकेचे उत्तरही मला येथेच सापडते. दरबारी मानमरातबासाठी वकील ठेवला असेल तर ती शंका योग्यच आहे. पण ज्यांचे तोंड बळाने बंद केले गेले त्यांच्या वतीने बोलावयास, आणि ते स्वतः बोलू लागले की बाजूस व्हावयास, कोणीतरी हवेच.

८ नोव्हेंबर १९९६ रोजी डायस यांची मुंबईच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. मरोळचे सुपुत्र कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्यानंतर ते या पीठावर आले. बत्तीस वर्षे परदेशी सेवा करून माणूस घरी परतला होता. हे परतणे सोपे नसते. वकिलाचा गुण मौन. पाळकाचा गुण मोकळा संवाद. वकील एका देशात चारसहा वर्षे राहतो व पुढे जातो. पाळकाला त्याच त्या माणसांच्या तक्रारी रोज ऐकाव्या लागतात. धर्मतत्त्वांच्या बाबतीत कडक म्हणून डायस प्रसिद्ध होते आणि त्या कडकपणाबद्दल त्यांचे चाहते होते तसे टीकाकारही होते.

मराठी कॅथलिकांच्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील एक घटना फार मोलाची. २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि वसईच्याच मातीतले थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. वसईची कॅथलिक जनता शतकानुशतके मराठी बोलणारी. तिची मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, लग्नातील ओव्या मराठीत. मुंबईच्या इंग्रजीप्रधान कारभारात तिचा आवाज दूरचा वाटे. आता तिच्या बोलीत तिच्याशी बोलणारा बिशप तिला मिळाला. निर्णय अर्थातच रोमचा. पण आपल्या प्रांताचा एक भरभराटीचा भाग वेगळा होताना आनंदाने तो देणारा आर्चबिशपही लागतो. श्कोदरला जे तत्त्व होते तेच वसईला दिसते: घर ज्याचे, त्याच्या हाती घराची किल्ली.

२००१ मध्ये ते कार्डिनल झाले. २००५ मध्ये नव्या पोपच्या निवडणुकीच्या वेळी संभाव्य नावांत वर्तमानपत्रे त्यांचेही नाव छापीत होती. २००६ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना रोमला बोलावून धर्मप्रसाराच्या खात्याचे प्रमुख नेमले. आशिया आणि आफ्रिकेतील बहुतेक धर्मप्रांतांचा कारभार या खात्याकडे असे, आणि त्यात आपले ग्वाल्हेरही आले. ग्वाल्हेरला कॅथलिक वस्ती नवी नाही. शिंद्यांच्या चाकरीत नेपल्सहून आलेल्या फिलोज घराण्यातील मायकेल फिलोज यांनीच १८७४ च्या जयविलास महालाचा आराखडा केला. परंतु झाशीपासून वेगळा होऊन ग्वाल्हेरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९९ मध्ये. २००६ ते २०११ या काळात येथील बिशपांची महत्त्वाची कागदपत्रे रोममध्ये ज्या टेबलावर जात, त्यापलीकडे वांद्र्याचा एक माणूस बसलेला असे.

२०११ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जून २०१७ रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले. काझारोलींच्या हस्ते अभिषेक झाला तोही १९ जूनच. बरोबर पस्तीस वर्षे भरली होती.

श्रोतेहो, अशा माणसाचे चरित्र लिहिणे कठीण. सेनापतीच्या लढाया मोजता येतात, ग्रंथकाराची पुस्तके मोजता येतात. वकिलाने काय केले ते बहुधा न घडलेल्या भांडणांत आणि न फुटलेल्या गुपितांत दडलेले असते. हिंगण्यांची नि काळ्यांची पत्रे दीडदोनशे वर्षांनी संशोधकांच्या हाती आली, तेव्हा कुठे त्यांची योग्यता कळली. डायस यांचे कागदही व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात असेच उघडण्याची वाट पाहत राहतील. तोवर त्यांच्या कार्याची साक्ष कागदांनी नव्हे, माणसांनी द्यावयाची आहे. श्कोदरमध्ये आता अल्बानियन भाषेत मिस्सा होते, आणि तेथील मुलांना त्यात काही नवल वाटत नाही.